मामांचा नेब्युलायझर, बीपीचं मशीन आणि त्यांच्या पिना : गेल्या पावसाळ्यापासूनचा अनुभव

आमच्या घरात सध्या यूएसबीवर चार्ज होणारी चार वैद्यकीय उपकरणं आहेत : मामांचा (सासऱ्यांचा) हातात मावणारा मेश नेब्युलायझर (बारीक जाळीतून औषधाची वाफ करणारं यंत्र), बीपीचं मशीन, रात्रभर मनगटावर बांधून ऑक्सिजनची नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर आणि सासूबाईंच्या श्रवणयंत्राची चार्जिंग डबी. कंपन्यांची नावं लिहीत नाही. मला लिहायचंय ते त्यांच्या सॉकेटबद्दल, आणि तशी सॉकेट कुठल्याही कंपनीच्या यंत्रात भेटतात. यंत्र घेताना आपण अचूकता बघतो, वॉरंटी बघतो, आणि पिनेबद्दल दुकानदार ‘टाइप सी आहे’ म्हणाला की समाधान मानतो. इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझं ठाम मत झालंय की घरच्या वैद्यकीय उपकरणाचा निम्मा त्रास किंवा निम्मं सुख त्या पिनेत असतं.

मामांनी आयुष्यभर इथे कोल्हापुरात, उद्यमनगरात फाउंड्रीत काम केलं. आता दम्यामुळे रोज वाफ घ्यावी लागते. हात थरथरतात, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही जवळचं बारीक दिसत नाही. जुन्या मायक्रो यूएसबीच्या यंत्रावर त्यांची रोजची हाक ठरलेली होती, “अगं, ही पिन कुठनं घालायची? दिसंना मला.” मायक्रोची पिन एकाच बाजूने बसते, आणि वरची बाजू कुठली हे धडधाकट डोळ्यांनाही पटकन कळत नाही. टाइप सीचा नेब्युलायझर आला आणि ती हाक बंद झाली. वर बारा, खाली बारा असे चोवीस संपर्कबिंदू दोन्ही बाजूंनी सारखे मांडलेले असल्याने पिन कशीही घाला, बसते. म्हाताऱ्या माणसासाठी याहून मोठी सोय नाही. मामा आता स्वतः चार्जिंगला लावतात, कुणाला हाक मारावी लागत नाही याचं त्यांना फार बरं वाटतं.

यूएसबीचं पहिलं मानक 1996 चं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूतले अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. उलटसुलट बसणारी पिन तेव्हाही करता आली असती, पण तारा वाढून खर्च दुप्पट झाला असता, असं त्यांनी नंतर सांगितलंय. टाइप सीचं मानक 2014 मध्ये आलं. म्हणजे मामांसारख्यांना अठरा वर्षं थांबावं लागलं.

आता तक्रार. नेब्युलायझर घेताना दुकानदार म्हणाला होता, “वहिनी, टाइप सी हाय, कुठल्याबी मोबाइलच्या चार्जरवर चालतंय.” घरी माझ्या फोनचा नवा चार्जर होता, दोन्ही टोकांना सी पिन असलेल्या वायरीचा. त्यावर नेब्युलायझरचा दिवाच लागेना. डब्यातल्या वायरीवर, म्हणजे एका टोकाला जुनी चपटी ए पिन आणि दुसऱ्या टोकाला सी, लगेच चार्ज व्हायला लागला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, त्यामुळे कारण लक्षात आलं. ते सविस्तर सांगते, कारण हा दोष स्वस्त उपकरणांत सर्रास सापडतो आणि लोक चांगलं यंत्र बिघडलंय समजून परत करतात.

जुन्या ए सॉकेटवर पाच व्होल्ट कायम हजर असतात. काहीही जोडा, वीज मिळते. सी सॉकेटच्या चार्जरचं तसं नाही. समोर वीज घेणारं उपकरण जोडलंय याची खात्री होईपर्यंत तो वीज सोडतच नाही. ही ओळख पटते सीसी नावाच्या दोन बिंदूंवरून. उपकरणाने त्या प्रत्येकावर 5.1 किलोओहमचा एकेक रेझिस्टर (करंटला अडवणारा बारीकसा भाग) जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडायचा असतो. तो दिसला की चार्जर पाच व्होल्ट सुरू करतो, आणि दीड की तीन अँपिअर देऊ शकतो हेही त्याच तारेवरून सांगतो. आमच्या नेब्युलायझरच्या वागण्यावरून हे रेझिस्टर त्यात नाहीत हे उघड आहे. काही पैशांचे दोन सुटे भाग वाचवले, आणि सॉकेट दिसायला सी असूनही वागायला जुनंच राहिलं. हा गोंधळ मोठ्यांकडूनही झालाय. 2019 च्या रास्पबेरी पाय 4 या लहान संगणकात दोन्ही बिंदूंना मिळून एकच रेझिस्टर जोडला होता, त्यामुळे काही वायरींवर तो चालत नव्हता. कंपनीने ते मान्य करून पुढे दुरुस्त केलं.

राजारामपुरीतला ओळखीचा मोबाइल दुरुस्तीवाला म्हणाला, खोलून दोन रेझिस्टर टाकून देतो. काम त्याला सहज जमलं असतं, पण मी नको म्हटलं. औषध आणि वाफेचं यंत्र एकदा खोललं की त्याची पाणी अडवणारी पॅकिंग पुन्हा तशीच बसेल याची खात्री नसते. त्यापेक्षा साधा ए सॉकेटचा चार्जर कायमचा त्याच्यासाठी ठेवलाय.

सॉकेटची जागा हा दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते दुकानात सगळ्यात दुर्लक्षित राहणारा. मेश नेब्युलायझरमध्ये औषधाची वाटी वर असते आणि आमच्या यंत्रात सॉकेट तिच्या बरोबर खाली, समोरच्या बाजूला. औषधात सलाइन असतं, म्हणजे मिठाचं पाणी. वाटी काढताना थेंब ओघळतो तो थेट सॉकेटच्या झाकणावर. मिठाचं पाणी आणि पाच व्होल्ट एकत्र आले की संपर्कबिंदू हिरवे, मग काळे पडतात. शिवाय आपला पावसाळा. जुलैमध्ये भिंतींनाही ओल येते, तिथे सॉकेटची काय कथा! त्यामुळे घरात नियम केलाय : वाफ झाली की आधी वाटी काढून धुवायची, यंत्र कोरड्या फडक्याने पुसायचं, तासभर आडवं ठेवायचं, मगच पिन लावायची. रबरी झाकण घट्ट बसतंय ना, हे दर आठवड्याला बघते. अजून सॉकेट लख्ख आहे. पुढचं यंत्र घेताना मात्र सॉकेट तळाला किंवा मागच्या बाजूला असलेलंच घेणार.

बीपीच्या मशीनला मायक्रो यूएसबी आहे. दुकानात याला व्ही एट म्हणतात, आणि ऑक्सिमीटरला आहे ती जाडसर मिनी पिन म्हणजे व्ही थ्री. मायक्रोबद्दल लोक फार वाईट बोलतात, पण तिची एक बाजू सांगितली पाहिजे. पकड धरणारे दोन बारीक आकडे वायरीच्या पिनेवर असतात, यंत्राच्या सॉकेटमध्ये नसतात. झीज स्वस्त वायरीची व्हावी, महागड्या यंत्राची होऊ नये, असा तो विचार होता. आमच्याकडे नेमकं तेच झालं. दिवाळीच्या सुमाराला पिन ढिली पडली, हात लागला की चार्जिंग तुटायचं. नवी वायर आणली आणि पकड पुन्हा पहिल्यासारखी. पिन ढिली झाली की यंत्र दुरुस्तीला टाकण्याआधी वायर बदलून बघाच. कागदावर मिनी 5,000 वेळा, मायक्रो आणि सी 10,000 वेळा घालण्या-काढण्याला टिकतात, साधी ए 1,500 वेळा. प्रत्यक्षात घरात सॉकेट मरतात ते वायर आडवी ओढली गेल्याने. कॉटखालच्या एक्स्टेन्शनला यंत्र लोंबकळत ठेवलं की सॉकेटचं सोल्डरिंग तुटतं, मग दहा हजारांचा आकडा काय कामाचा?

ऑक्सिमीटरची नोंद संगणकावर घ्यायची असते, डॉक्टरांना रात्रीचा आलेख दाखवायला. त्यासाठी डेटाची वायर लागते. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात, लाल-काळ्या विजेच्या, हिरवी-पांढरी माहितीच्या. पुष्कळ स्वस्त वायरींत हिरवी-पांढरी नसतातच. यंत्र चार्ज होतं, संगणकाला मात्र ते जोडलंय याचा पत्ताच नसतो. बाहेरून दोन्ही वायरी सारख्याच दिसतात, म्हणून डेटाच्या वायरीला मी लाल चिकटपट्टी गुंडाळलीय आणि ती ऑक्सिमीटरच्याच पेटीत असते.

सासूबाईंची श्रवणयंत्राची डबी या सगळ्यांत गुणी. सी-टू-सी वायरीवर चालते, सॉकेट मागे आहे, रात्री ठेवली की सकाळी तयार. तिचा प्रश्न फक्त पॉवर बँकेवर आला. एप्रिल-मेमध्ये वळीव झोडपायला लागला की आमच्या पेठेत लाइट गेलीच म्हणून समजा. पॉवर बँकेला डबी लावली तर थोड्या वेळात पॉवर बँक आपोआप बंद. बिघाड कुठेच नव्हता. श्रवणयंत्राची डबी इतका कमी करंट घेते की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही. काही पॉवर बँकांना कमी करंटची सोय असते, बहुतेकांत बटण दोनदा दाबून ती सुरू होते. तशी मिळाल्यापासून वळवाच्या रात्रीही काळजी नाही. नेब्युलायझर मात्र लाइट गेल्यावर कुठल्याही पॉवर बँकेवर ए सॉकेटमधून चालला. दम लागलेल्या माणसाजवळ बसलेल्यालाच त्याचं मोल कळतं. मायक्रोवाल्याच्याही आधीचा कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर 230 व्होल्टचा होता, लाइट गेली की नुसता डबा.

आता सुरक्षेचं, आणि हे मी कळकळीने लिहितेय. चार्जिंग चालू असताना माणसाच्या अंगाला जोडलेलं उपकरण वापरायचं का? आमच्या बीपी मशीनच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, वापरू नका. फोनच्या दोन पिनांच्या चार्जरमधून थोडा गळती करंट येतो, चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या धातूवर हात फिरवल्यावर झिणझिण्या येतात तोच. घरगुती इलेक्ट्रॉनिक्सच्या मानकात अशा चार्जरला 250 मायक्रोअँपिअरपर्यंत मुभा होती. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी 60601 मानकात, यंत्र ठीक चालू असताना रुग्णाच्या शरीरातून जाणाऱ्या एसी गळतीची मर्यादा अंगाला लावायच्या यंत्रांच्या बीएफ वर्गाला 100 आणि हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या सीएफ वर्गाला 10 मायक्रोअँपिअर आहे. यंत्रावर चौकोनात उभ्या माणसाचं चिन्ह म्हणजे बीएफ, चौकोनात हृदय म्हणजे सीएफ. यंत्र या मर्यादेत बसणारं असलं, तरी त्याला रस्त्यावरचा स्वस्त चार्जर लावला की हिशेब बदलतो. चार्जरवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघूनच घ्या.

मंगळवार पेठेतले आमचे डॉक्टर संगणकाला जोडायचा ईसीजी वापरतात. मागे चौकोनी बी पिन, प्रिंटरला असते तशी. ती मोठी आणि घट्ट बसणारी असल्याने तपासणीच्या मध्येच निसटत नाही, म्हणून अशा यंत्रांत अजून टिकून आहे. ईसीजी काढताना डॉक्टर लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढून ठेवतात. मामा दवाखान्यात दाखल होते तेव्हा बेडजवळच्या मॉनिटरला यूएसबी सॉकेट दिसलं म्हणून एका नातेवाइकाने फोन चार्जिंगला लावायला घेतला. सिस्टरांनी लगेच थांबवलं, आणि बरोबर केलं. ते सॉकेट सॉफ्टवेअर बदलायला, बारकोड स्कॅनर जोडायला किंवा नोंदी काढायला असतं. तिथे फोन जोडणं रुग्णासाठीही धोक्याचं, आणि फोनमधून व्हायरस शिरला तर यंत्रासाठीही.

युरोपात 28 डिसेंबर 2024 पासून फोन, टॅबलेट, हेडफोन अशा उपकरणांना सी सॉकेट सक्तीचं झालं. त्या यादीत बीपीची मशीनं किंवा नेब्युलायझर नाहीत. त्यामुळे आपल्यालाच दुकानात बघून घ्यावं लागणार.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंसाठी नेब्युलायझर घ्यायला भाऊसिंगजी रोडला गेले, तेव्हा पर्समध्ये माझा सी चार्जर आणि सी-टू-सी वायर घेऊनच गेले. दुकानदाराने दाखवलेल्या पहिल्या यंत्राचा दिवा लागला नाही. दुसऱ्याचा लागला, पण सॉकेट पुन्हा वाटीच्या खालीच. तिसऱ्याचं सॉकेट मागे होतं, दिवाही लागला, आणि चौकोनातल्या माणसाचं चिन्हही होतं. किंमत पहिल्यापेक्षा थोडी जास्त पडली. काकूंनी तेच घेतलं.