सरपंच-सदस्यांसाठी एक दिवसाची कायदा कार्यशाळा, सोलापूर : ग्रामसेवक भाऊसाहेबांना घेऊनच जा

आयोजकांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं थोडी तक्रारही आहे. सात रस्त्याजवळचा हॉल, फी माणशी नऊशे, त्यात चहा, जेवण आणि एक झेरॉक्स पुस्तिका. वक्ते इथलेच वकील, ग्रामपंचायतींची प्रकरणं लढवण्यात केस पांढरे झालेले. मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावची सरपंच.

पहिली आवडलेली गोष्ट कायद्याची नाहीच. सही बाईची आणि खुर्चीत नवरा, ही आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. वकीलसाहेबांनी माइक हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, "ज्यांच्या सहीनं चेक निघतो त्यांनीच बसायचं. बाकीच्यांनी खाली जाऊन चहा घ्या." बरीच मंडळी कुरकुरत उठली. नऊशेतले दोनशे तिथंच वसूल झाले माझे.

सकाळचा भाग पद कसं जातं यावर. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, कलम १४. कराची मागणी झाली, बिल रीतसर हातात पडलं आणि तीन महिन्यांत भरलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. रक्कम लहान की मोठी याला किंमत नाही. गावातले विरोधक अशीच बिलं शोधत बसलेले असतात, हे सांगायला वकील लागत नाही. पण बिल मिळाल्याची पोच कशी बघायची, पावतीवरची तारीख का महत्त्वाची, हे त्यांनी खऱ्या कागदांवर बोट ठेवून दाखवलं. प्रकरण आधी जिल्हाधिकाऱ्यांकडं, तिथून अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडं. म्हणजे कर चारशेचा आणि हेलपाटे कितीचे ते तुम्हीच मोजा.

मग अतिक्रमण. २०१८ साली सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका महिला सदस्याच्या प्रकरणात सांगितलं की सरकारी जागा सासऱ्यानं किंवा नवऱ्यानं अडवलेली असली, तरी तुम्ही त्या घरात राहून लाभ घेत असाल तर अपात्रता तुम्हालाही लागते. हॉल एकदम गार पडला. माझ्या शेजारच्या बाई तर वहीत घराचा नकाशाच काढायला लागल्या.

इथं माझी तक्रार आहे. घाबरवलं भरपूर, धीर दिला नाही. २०२४ मध्ये त्याच कोर्टानं जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचांना पद परत दिलं. त्या सासूबरोबर अतिक्रमणाच्या जागेवरच्या घरात राहतात, असा गावकऱ्यांचा आरोप होता. त्यांचं म्हणणं, आम्ही वेगळे भाड्यानं राहतो. निवडून आलेल्या बाईला असं किरकोळ कारणावरून, पुराव्याची नीट छाननी न करता काढता येत नाही, असा त्या निकालाचा रोख. हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं म्हणून उठून विचारलं. साहेब म्हणाले, "हो, तोही आहे." अहो, आहे तर सांगा की! पुस्तिकेतही नव्हता. घरी जाऊन राजीनाम्याचा विचार करणाऱ्या बाईला तो एक निकाल बाकी सगळ्या पुस्तिकेपेक्षा जास्त कामाचा.

जेवण चांगलं. कडक भाकरी, शेंगा चटणी, वांग्याची भाजी. पुढं जाऊ.

दुपारचा भाग मात्र एक नंबर. आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून जुनी पाण्याची टाकी आहे, वापर बंद, सळया बाहेर आलेल्या. मी तोच प्रश्न टाकला आणि साहेबांनी अर्धा तास त्यावरच घेतला. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, त्यात १९६६ साली सुप्रीम कोर्टानं महापालिकेला जबाबदार धरलं. मनोरा ऐंशी वर्षांचा, त्या बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीसचं. रस्त्यालगतची वास्तू तुमच्या ताब्यात आहे, तर दोष दिसत नव्हता हे उत्तर चालत नाही. बघत राहणं हेच तुमचं काम. आणि पैसे नाहीत हेही उत्तर नाही. रतलाम नगरपालिकेनं गटारांच्या बाबतीत तेच सांगून बघितलं, १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते साफ उडवून लावलं. मग करायचं काय, तर लगेच ठराव, जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाला तपासणीसाठी पत्र, बीडीओंना (गटविकास अधिकाऱ्यांना) प्रत, टाकीभोवती कुंपण आणि फलक, आणि प्रत्येक पत्राची आवक-जावक नोंद. एवढं केलं म्हणजे तुम्ही सुटलात असं नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण "आम्हाला माहीतच नव्हतं" आणि "आम्ही एवढं केलं" यांत कोर्टासमोर जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

शहरातल्या नगरसेवकांसाठी शेवटी थोडा वेळ होता. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलनं जीव गेला तर वारसांना सहा लाख, जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख, हा मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश. आम्ही गावची माणसं तेव्हा एसटीचा टाइम बघत होतो.

आता शीर्षकातली गोष्ट. ग्रामपंचायतीचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक, दोघांच्या सहीनं निघतो. (आता हुद्दा ग्रामपंचायत अधिकारी झालाय, तरी गावात भाऊसाहेबच.) निधीचं नुकसान किंवा गैरवापर झाला आणि त्यात तुमचा हात किंवा घोर निष्काळजीपणा असेल तर ते खिशातून भरावं लागतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला विनाकारण उशीर झाला तर रोज अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड, तोही भाऊसाहेबांच्या पगारातून, कारण जनमाहिती अधिकारी ते. मी हे सगळं ऐकून गावी आले आणि त्यांना सांगायला बसले, तर ते "बघू की मॅडम" म्हणत फोन घ्यायला बाहेर गेले. तेच त्या हॉलमध्ये असते तर पळायला जागा नव्हती.

पुस्तिकेची छपाई फिकट आहे, कलम ३९ चं (सरपंचाला पदावरून काढण्याचं) पान माझ्या प्रतीत अर्धं कोरं निघालं; घेतानाच चाळून बघा. गाडी लावायला जागा नाही. फी ग्रामपंचायत निधीतून द्यायची असेल तर जायच्या आधी मासिक सभेत ठराव करून घ्या आणि पावती ग्रामपंचायतीच्या नावानं मागा. आयत्या वेळी मागणाऱ्या एका सरपंचांना साहेबांनी माइकवरूनच विचारलं, "ठराव कुठाय?"