आरटीई २५ टक्के प्रवेश पोर्टल: लॉटरीला पैकीच्या पैकी, पडताळणीला काठावर पास

शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशवर्गाच्या, म्हणजे शाळा ज्या वर्गापासून सुरू होते त्या वर्गाच्या, २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या असतात. त्या लॉटरीने भरतात आणि त्याचा दरवाजा एकच आहे, प्राथमिक शिक्षण संचालनालयाचं आरटीई पोर्टल. शाळेत थेट अर्ज देऊन ही जागा मिळत नाही आणि नगरसेवकाच्या चिठ्ठीनेही मिळत नाही. अर्ज भरायला पैसे लागत नाहीत. सायबर कॅफेवाला जे घेतो ती त्याची टायपिंगची मजुरी. हे परीक्षण २०२५-२६ च्या फेरीपर्यंतच्या पोर्टलचं आहे. दरवर्षी सूचनांत काही ना काही बदलतं, म्हणून अर्ज उघडण्याआधी त्या वर्षीचं परिपत्रक वाचायलाच हवं.

मागणी किती आहे ते २०२५-२६ च्या आकड्यांतून कळतं. सुमारे ८,८०० शाळा, सुमारे १ लाख ९ हजार जागा आणि ३ लाखांवर अर्ज. म्हणजे एका जागेमागे जवळपास तीन मुलं. राज्याची ही सरासरी झाली. शहरातल्या नावाजलेल्या शाळेत चुरस याहून कितीतरी जास्त असते, आणि त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेत जागा रिकाम्या राहतात. शाळा निवडताना हा फरक डोक्यात ठेवला तर नंबर लागण्याची शक्यता खरोखर वाढते.

अर्ज भरणं तुलनेने सोपं आहे. नोंदणी केली की अर्ज क्रमांक आणि पासवर्ड मोबाइलवर येतो. मग मुलाची माहिती, पत्ता, नकाशावरचं ठिकाण, प्रवर्ग आणि शेवटी शाळांची निवड. जास्तीत जास्त १० शाळा निवडता येतात. सबमिट केल्यावर प्रिंट काढून ठेवावी. सबमिट न करता 'अर्ज भरला' अशा समजुतीत राहणारे पालक दर फेरीत असतात, आणि लॉटरीत त्यांचं नावच नसतं. चूक लक्षात आली तर मुदत संपण्याआधी जुना अर्ज डिलीट करायचा आणि मगच नवा भरायचा. जुना तसाच ठेवून दुसरा भरला की तो दुबार अर्ज ठरतो. दुबार अर्ज सापडला तर ते मूल प्रक्रियेतूनच बाहेर जातं. मामाने वेगळ्या मोबाइल नंबरवरून भरलेला 'एक जादा चान्स' नेमका असाच अंगाशी येतो.

वयाची अटही आधी तपासावी. पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मूल किमान ६ वर्षांचं हवं आणि ७ वर्षे ५ महिने ३० दिवसांपेक्षा मोठं नको. नर्सरीसाठी किमान वय ३ वर्षे. ज्या शाळेचा प्रवेशवर्ग नर्सरी आहे, तिच्या २५ टक्के जागा नर्सरीलाच भरतात. त्यामुळे 'घरासमोरची शाळा यादीत दिसतच नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं की मूल पहिलीच्या वयाचं आहे आणि शाळा नर्सरीपासून घेते. दुसरं कारण अल्पसंख्याक दर्जाचं. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही, त्या यादीत येणारच नाहीत.

नकाशा हा या पोर्टलचा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात ठिसूळ भाग. गुगल मॅपवर लाल बलून ओढून घराचं ठिकाण ठरवायचं असतं. शाळेचं अंतर त्या बिंदूपासून मोजलं जातं, तेही हवाई, म्हणजे सरळ रेषेत. १ किलोमीटरच्या आतल्यांना आधी प्राधान्य, मग १ ते ३ किलोमीटर, मग त्यापलीकडचे. मागणी असलेल्या शाळेत पहिल्या किलोमीटरमध्येच जागा संपतात, म्हणून बलून शंभर मीटर इकडेतिकडे झाला तरी निकाल फिरतो. ठिकाण जास्तीत जास्त पाच वेळाच निश्चित करता येतं. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर अंगठ्याने बलून सरकवत बसलं की या पाच संधी पाहता पाहता संपतात. हे काम संगणकावरच करावं. सॅटेलाइट दृश्यात आपली इमारत, निदान आपली गल्ली ओळखू येईपर्यंत झूम करावं आणि मगच निश्चित करावं.

काही पालक मुद्दाम बलून शाळेजवळ सरकवतात, काहींना कॅफेवालाच तसा सल्ला देतो. लॉटरीत नंबर लागतोही. पुढे पडताळणी समिती पत्त्याचा पुरावा आणि बलूनचं ठिकाण जुळवून पाहते, आणि प्रवेश तिथे रद्द होतो. तोवर प्रतीक्षा यादी पुढे सरकलेली असते, त्या मुलाचं वर्ष गेलेलं असतं. हवाई अंतराचा दोषही सांगायला हवा. रेल्वे रुळांच्या किंवा नाल्याच्या पलीकडची शाळा नकाशावर ८०० मीटरवर दिसते आणि चालायला पूल गाठून बराच मोठा वळसा पडतो. सहा वर्षांच्या मुलाला रोज तिथे पोचवणं जमणार नसेल तर ती शाळा निवडू नये. नियमित फेरीत निवड होऊनही प्रवेश घेतला नाही तर त्या मुलाचा पुढच्या फेऱ्यांत विचार होत नाही. १० चा आकडा भरण्यासाठी नकोशा शाळा टाकणं म्हणूनच महागात पडतं.

आता कागद. अर्जाच्या वेळी कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत, निवड झाल्यावर पडताळणी होते. ही सवलत आहे आणि सापळाही, कारण कागदपत्रांवरची तारीख अर्जाच्या शेवटच्या दिनांकापूर्वीची असावी लागते. 'नंबर लागला की दाखला काढू' हे गणित चालत नाही. सेवा हमी कायद्याखाली उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची आणि जातीच्या दाखल्याला ४५ दिवसांची मुदत आहे. २०२५-२६ ची अर्ज नोंदणी जानेवारीच्या मध्यावर सुरू होऊन २ फेब्रुवारीला संपली. सेतू किंवा आपले सरकार केंद्रात दिवाळीच्या सुमारासच अर्ज टाकलेला बरा.

अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त व भटक्या, इतर मागास, विशेष मागास या प्रवर्गांना उत्पन्नाची अट नाही. वडिलांचा किंवा मुलाचा जातीचा दाखला पुरतो, पण तो महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याचा हवा. परराज्यातला दाखला चालत नाही. रोजगारासाठी आलेली कितीतरी कुटुंबं इथेच अडकतात, आणि अडकल्याचं त्यांना पडताळणीच्या टेबलावर कळतं. अर्ज भरतानाच हा इशारा ठळक अक्षरांत दिसायला हवा होता. दिव्यांग मुलांसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. विधवा आणि घटस्फोटित मातांसाठी वेगळे कागद आहेत: पतीचा मृत्यू दाखला, किंवा न्यायालयाचा निकाल आणि सोबत आईचा रहिवासी पुरावा.

खुल्या प्रवर्गासाठी उत्पन्न वर्षाला १ लाखाच्या आत हवं. म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. शहरात पूर्णवेळ किमान वेतनावरचा एकटा कामगारही या रेषेच्या वर जातो. मर्यादा इतकी खाली ठेवली की खरा गरीब बाहेर राहतो आणि खोटा दाखला मिळवणारा आत येतो. पोर्टलचा यात दोष नाही, पण परिणाम पोर्टलच्या यादीत दिसतो.

भाड्याने राहणाऱ्यांची अडचण वेगळी. रेशनकार्ड, वीजबिल, घरपट्टी, मतदार ओळखपत्र यांपैकी काहीच त्या पत्त्यावर नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला भाडेकरार लागतो. तो ११ महिने किंवा जास्त मुदतीचा आणि अर्जाच्या आधीचा असावा. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार ग्राह्य धरत नाहीत. घरमालक नोंदणीला तयार नसेल तर पत्त्याचा दुसरा पुरावा वेळेत बदलून घेणं एवढाच मार्ग उरतो.

लॉटरीबद्दल मात्र चांगलंच बोलावं लागेल. संपूर्ण राज्यासाठी एकच संगणकीय सोडत, निवड यादी आणि प्रतीक्षा यादी दोन्ही जाहीर, प्रत्येक अर्जाची स्थिती अर्ज क्रमांक टाकून पाहता येते. शाळेच्या किंवा अधिकाऱ्याच्या मर्जीला इथे जागा ठेवलेली नाही, आणि प्रवेशाच्या बाबतीत आपल्याकडे ही साधी गोष्ट नाही. फक्त एसएमएसची वाट पाहत बसू नये. तो येतोच असं नाही, आणि नंबर बदलला असेल तर मुळीच येणार नाही. 'अर्जाची स्थिती' हे पान स्वतः बघावं, निवड झाली असेल तर अलॉटमेंट लेटर आणि हमीपत्राची प्रिंट घेऊन मुदतीत पडताळणी केंद्र गाठावं. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही सोबत.

पडताळणी केंद्रावर अनुभव तालुक्यागणिक बदलतो, आणि गुण कापले ते इथे. नियम राज्यभर एकच असले तरी एका ठिकाणी मान्य झालेलं बँक पासबुक दुसरीकडे नाकारलं जातं. नकार तोंडी दिला जातो. पालकाने कारण लेखी मागावं, त्याशिवाय पुढे दाद मागता येत नाही. पोर्टलवर नाकारण्याचं कारण निवडण्याची सक्ती केली आणि ते पालकाला दिसू दिलं, तर निम्मे वाद जागीच मिटतील.

या सेवेचं भवितव्य पोर्टलच्या कोडपेक्षा मंत्रालयातल्या अधिसूचनेवर ठरतं, हे २०२४ मध्ये दिसलं. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याने २०११ च्या नियमांत बदल केला: १ किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथली खासगी विनाअनुदानित शाळा २५ टक्क्यांतून वगळायची. पोर्टल त्याप्रमाणे बदललं. यादीत ७५ हजारांहून जास्त शाळा आणि ८ लाखांहून जास्त जागा आल्या, बहुतेक जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित. अर्ज आले सत्तर हजारांच्या आसपास. साहजिकच होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेश तसाही मोफत आहे, त्यासाठी लॉटरीत कोण उतरेल? ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, त्याच महिन्यात पोर्टल जुन्या पद्धतीवर आणून अर्ज नव्याने घ्यावे लागले. १९ जुलैला न्यायालयाने तो बदल रद्दच केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. राज्याला नियम करता येतात, पण मूळ केंद्रीय कायद्याने दिलेलं काढून घेणारे नियम करता येत नाहीत, असा त्याचा अर्थ. तोवर जून उलटून शाळा सुरू झाल्या होत्या आणि नंबर लागलेली मुलं वर्गात उशिरा पोचली.

प्रवेशानंतर पोर्टल हात झटकतं. शासन शाळेला एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यातली कमी असेल ती रक्कम देतं. महिन्याला साधारण दीड हजार. हा दर कित्येक वर्षं वाढलेला नाही आणि पैसे वेळेवर मिळत नाहीत, ही संस्थाचालकांची तक्रार जुनी आहे आणि बिनबुडाची नाही. त्याचा राग मुलावर निघतो तेव्हा 'ॲक्टिव्हिटी फी', 'डिजिटल फी', 'टर्म फी' अशा नावांनी पावत्या येऊ लागतात. शिक्षणाची फी घेता येत नाही, नाव बदलून तर नाहीच. शाळेची बस ही ऐच्छिक सेवा आहे, तिचे पैसे वेगळे पडू शकतात. हे दहा शाळा निवडताना धरून चाला. प्रवेशाआधी मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी घेणं याच कायद्याच्या कलम १३ खाली गुन्हा आहे: पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड.

मोफत शिक्षण आठवीपर्यंतच, नववीची फी घरून भरावी लागते. मोठ्या शाळेत ती वर्षाला किती आहे हे पहिलीत असतानाच विचारून ठेवावं. मधेच घर बदललं तर हा लाभ दुसऱ्या शाळेत नेता येत नाही, आणि एकदा आरटीईतून प्रवेश घेतलेल्या मुलाला पुन्हा अर्ज करता येत नाही.

तक्रारीसाठी पोर्टलवरच्या हेल्पलाइनपेक्षा कायद्यातलं कलम ३२ कामाचं. तक्रार लेखी द्यायची, स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे गावात जिल्हा परिषद आणि शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. अर्ज क्रमांक, अलॉटमेंट लेटरची प्रत, फीची पावती किंवा नाकारल्याचं पत्र जोडायचं आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यायची. निर्णयासाठी कायद्याने तीन महिने दिले आहेत. तो पटला नाही तर अपील महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं.