‘निघालात की फोन करा’

जुनी सायकल असो की घोडा, विकणाऱ्याशी फोनवरचं बोलणं संपत आलं की हे वाक्य येतंच. ‘निघालात की एक फोन टाका, म्हणजे मी कुठे जात नाही.’ ऐकायला आगत्य वाटतं. त्याला हवे असतात ते तुम्ही पोचायच्या आधीचे दोन तास. मोठेपणी शिकायला लागलेल्या माणसाला फसवण्याचं बरंचसं काम या दोन तासांत उरकलेलं असतं. शिकाऊ माणसाच्या हातात पैसा असतो, हौस असते. नजर मात्र अजून तयार झालेली नसते.

सायकलीत काही हजारच जातात, म्हणून ती आधी उरकून घेऊ.

चाळिशीत सायकल शिकणाऱ्याला पहिला चुना शिकवणीतच लागतो. ‘दहा दिवसांत हमखास’ म्हणून पैसे आधी घेतात आणि मागच्या चाकाला आधाराची छोटी चाकं लावतात, नाहीतर कुणीतरी कॅरिअर धरून मागे पळतं. दोन्हींत सायकल मोकळेपणी झुकतच नाही. ज्या बाजूला तोल जातो त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं, हे अंगात मुरायला झुकावं तर लागतं. दहाव्या दिवशीही हात सोडला की पाय खाली. मग ‘तुमचं वय जरा…’ म्हणत पुढच्या दहा दिवसांचे पैसे. खरी रीत जवळजवळ फुकट आहे. १५ मिमीच्या पान्याने दोन्ही पॅडल काढा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. जेमतेम उतार असलेल्या गुळगुळीत जागेवर पायांनी रेटत, घसरत जा. पाय उचलून १०-१५ मीटर सरळ जाता आलं की पॅडल परत लावा. बहुतेकांना दोन-चार सकाळी पुरतात. दहा दिवसांचं पॅकेज विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं असं नाही.

मग येते जुनी ‘इंपोर्टेड’ सायकल. दोन तासांत तिची चेन डिझेलने धुऊन तेलात भिजवलेली असते, टायरांना काळं पॉलिश, हँडलला नवी टेप, फ्रेमवर भलत्याच नावाचं स्टिकर. ‘गिअर शिमानोचे’ हे अनेकदा खरंही असतं: मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, तेवढा शिमानो या जपानी कंपनीचा, तोही सगळ्यांत स्वस्त मालिकेतला, आणि क्रँक (पॅडलचे दांडे), हब, ब्रेक निनावी. बघायला जाताना खिशात लोहचुंबक, स्टीलची फूटपट्टी आणि एक पांढरा रुमाल ठेवा. ‘अॅल्युमिनियम फ्रेम’ला चुंबक चिकटलं तर ते लोखंड. नव्या चेनीत एका पिनपासून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलायला झाली. १/८ इंच सरकली असेल तर मागची कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) खाल्ली गेलीय, चेन नवी घातली तरी दातांवरून उड्या मारणार. सगळ्यांत महत्त्वाची जागा कुणी बघत नाही. हँडल जिथे फ्रेममध्ये बसतं, त्याच्या लगेच मागे, खालच्या नळीच्या पोटाला बोट फिरवा. तिथे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. तिच्यावर बसूनही बघू नका. सायकल उलटी करून क्रँकच्या नळीखाली ठोकलेला क्रमांक वाचा. तो घासलेला असेल आणि बिल ‘गावाकडे राहिलं’ असेल, तर चोरीचा माल घेणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत ३१७ वं कलम आहे एवढं लक्षात ठेवा.

रुमाल खिशातच राहू द्या, घोड्यालाही लागणार आहे.

घोड्यात आकडा लाखांत जातो आणि हाडंही मोडतात. वीस-पंचवीस तास शिकलेला माणूस क्लबच्या मुरलेल्या घोड्यावर शिकलेला असतो. तो घोडा मास्तरांच्या आवाजाला थांबतो, आणि वर बसलेल्याला वाटतं की आपण लगाम खेचला म्हणून थांबला. या भांडवलावर तो मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जातो. तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत, ओळीने बांधलेले मारवाडी, काठेवाडी घोडे, पंजाबचे पांढरे नुकरे. तिथे पिढ्यान्पिढ्या जनावर सांभाळणारी घराणीही येतात, आणि त्यातला जाणता माणूस तुमची बैठक बघून ‘हा घोडा तुम्हाला झेपायचा नाही’ असं तोंडावर सांगतो. गाठ पडते ती बहुधा दलालाशी. आणि शिकाऊ गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं: ‘शांत आहे ना?’

शांत करता येतो. सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे पहाटे लांब दोरीवर तासभर गोल पळवणं. त्याने दोन कामं होतात: अंगातली रग जाते, आणि सांधे आखडत असतील तर ते गरम होऊन मोकळे पडतात. मग खरारा करून खुंट्याला बांधला की झाला गरीब गाय. रुमाल ओला करून कानामागे, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) बसतो तिथे आणि मागच्या मांड्यांच्या मधोमध पुसा. वाळलेल्या घामाचं मीठ आणि मळ रुमालावर येतो, या जागांवर खरारा नीट पोचत नाही. जबड्याच्या हाडाखालची नाडी १५ सेकंद मोजून चारने गुणा. उभ्या, निवांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, श्वास ८ ते १६. खुंट्याला उभा राहून नाडी साठीला टेकली असेल तर तो नुकताच पळवलाय, दुखणाईत आहे, किंवा घाबरलेला आहे. तिन्हींत आज सौदा नको.

दुसरा उपाय गुंगीच्या सुईचा. झायलझिनचा अंमल साधारण तासाभराचा, एसीप्रोमझिनचा काही तासांचा. म्हणूनच तो फोन लागतो. मान खांद्याच्या खाली उतरलेली, खालचा ओठ लोंबता, पापण्या जड, चार पाय जरा फाकलेले, नर असेल तर लिंग बाहेर येऊन लटकलेलं. एखादा घोडा दुपारच्या उन्हात नुसती डुलकी घेतानाही असा दिसतो, पण टाळी वाजवली, तोबरा दाखवला की तो कान टवकारतो. सुई दिलेला एक कान तेवढा हलवून परत मान टाकतो. म्हणून घोडा दुपारी बघितलात तरी दुसऱ्या दिवशी पहाटे, न कळवता, वैरण पडायच्या आधी परत जा. आगाडी-पिछाडी (पुढच्या-मागच्या बांधायच्या दोऱ्या) सोडताना, खूर उचलताना, तंग आवळताना तो काय करतो हे त्या वेळी कळतं. चावरा, लाथा मारणारा, तंग आवळताना पोट फुगवणारा घोडा पहाटे साडेपाचला सोंग आणत नाही.

पाय लपवायला फिनाइलब्युटाझोन. हे वेदनाशामक घोड्यांना रीतसर देतातच, पण ते अंगात असेपर्यंत लंगडा घोडा साफ चालतो. बाजारातली भुसभुशीत माती उरलेलं झाकते. डांबरी किंवा मुरूम दाबलेल्या टणक जागेवर, सैल दोरीवर, सरळ रेषेत दुडकीने पळवून दाखवायला सांगा. दुखरा पुढचा पाय जमिनीला टेकताना डोकं वर जातं, चांगला टेकताना खाली येतं. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील तर डोकं हलतच नाही, पावलं तेवढी आखूड पडतात. अशा वेळी टणक जमिनीवर लहान गोल काढायला लावा, आतल्या पायाने चुगली केलीच. ‘दोरी सैल’ हा शब्द महत्त्वाचा. धरणारा मोतद्दार हनुवटीखाली आवळून धरत असेल तर डोकं हलायला जागाच राहत नाही.

आणि पावलं वेडीवाकडी पडली की येणाऱ्या ‘ही रेवाल चाल आहे साहेब’ यावर भुलू नका. रेवाल ही खरी, मऊ चाल आहे, तिच्या ठेक्यात चुकारपणा नसतो. मोबाइलवर आवाज टिपून घ्या आणि डोळे मिटून ऐका. ठेका तुटत असेल तर ती रेवाल नव्हे, दुखणं आहे.

आता नाचणारा घोडा. शिकाऊ माणसाच्या गळ्यात सर्रास हाच मारतात आणि नवखा सगळ्यांत जास्त पडतो तो यावरूनच. दलाल सांगतो, ‘वरातीत हजार माणसांत, बँडसमोर उभा राहतो, याहून शांत काय हवं?’ बोलणं खोटं नाही. पण त्याला शिकवलेलं असतं असं: लगाम आवळला आणि टाचा लागल्या की जागेवर नाच, आणखी आवळला की पुढचे पाय उचल. घाबरलेला नवखा नेमकं काय करतो? लगाम आवळतो आणि टाचांनी पोट घट्ट धरतो. घोडा हुकूम पाळतो. वरचा आणखी घाबरून आणखी आवळतो, आणि घोडा उभा राहतो. वर जाताना माणूस लगामालाच लोंबकळला की घोडा तोल जाऊन मागे पडू शकतो, माणूस त्याच्या खाली. ओळखायला सोपं आहे. लगाम हलकेच गोळा करून टाच नुसती टेकवायला सांगा. मान कमानीसारखी वळली आणि पाय जागच्या जागी उचलायला लागले की कळलं. तोंडही उघडून बघा. ओठांच्या कोपऱ्यांत वण, जिभेवर आडवा जुना चर असेल तर काटेरी लगामावर वाढवलेला आहे. असा लगाम वापरायला जनावरांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, बाजारात तो दिसतो.

तोंड उघडलंच आहे तर दात. पाच वर्षांना पुढचे सगळे कायमचे दात येऊन तोंड भरतं. खालच्या मधल्या दातांवरचे खळगे साधारण सहाव्या वर्षी झिजून जातात, त्यांच्या शेजारचे सातव्या, कोपऱ्यांतले आठव्या. चौदा वर्षांचा घोडा सात वर्षांचा करायला दातांत खळगे कोरून डाग देतात. कोरलेल्या खळग्याभोवती इनॅमलचं पांढरं कडं नसतं. वरच्या कोपऱ्यातल्या दाताच्या बाहेरच्या अंगाला हिरडीपासून एक उभी रेघ दहाव्या वर्षाच्या सुमारास निघते आणि पंधराच्या आसपास अर्ध्यावर येते. ती पुसता येत नाही. दात बाजूनेही बघा: तरुणाचे उभे एकमेकांवर बसतात, म्हाताऱ्याचे पुढे तिरपे येतात.

रंगात फार अडकू नका. शुभ मानलेला देवमण हा केसांचा भोवरा आहे, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी आहे, म्हणून किंमत चढवतात. भोवरा आहे म्हणून घोडा काही नीट चालायला लागत नाही. पण पांढरा पाय ओला करून बघाच. जन्मजात पांढऱ्या केसांखाली कातडी गुलाबी असते, काळी दिसली तर केस ब्लीच केलेत. उलट, आयाळ संपते त्या उंचवट्यावर आणि तंगाच्या जागी रुमाल चोळून काळा रंग निघाला, तर खाली पांढऱ्या केसांचे ठिपके निघतील. तिथे खोगिराने एकदा खोल जखम केलेली आहे.

शिकाऊ गिऱ्हाईक स्वतःचं वजन विसरतं. खोगिरासह स्वार घोड्याच्या वजनाच्या एकपंचमांशाच्या आत हवा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे अंदाजे किलो. घेर १६०, लांबी १४५ असेल तर साधारण ३१२ किलो. त्याच्यावर खोगिरासकट ६२ किलो. ८५ किलोच्या माणसाला तो ‘तुमच्यासाठीच आणलाय’ म्हणून विकला जातो आणि वर्षभरात पाठ धरतो.

कागदांत ग्लँडर्स हा घोड्यांचा सांसर्गिक रोग नसल्याचा दाखला सगळ्यांत आधी. हा रोग माणसालाही होतो, आणि लागण निघालेला घोडा कायद्याने मारावा लागतो. पैसे तर जातातच, पागेतले बाकीचे घोडेही अडकतात. लबाडी अशी की दाखला खरा असतो, घोडा दुसरा असतो. दाखल्यावरचा रंग, कपाळाची खूण, पायांचे पट्टे, भोवऱ्यांच्या जागा एकेक करून समोरच्या घोड्याशी जुळवा. नोंदणीचा घोडा म्हणून विकत असतील तर मानेतल्या चिपचा १५ आकडी क्रमांक स्कॅनर लावून कागदाशी ताडा, आणि स्कॅनर विकणाऱ्याचा नको. तारीख जुनी असेल तर नवी तपासणी विकणाऱ्याच्या खर्चाने.

इसार म्हणून किमतीच्या दहाव्या हिश्शाहून जास्त देऊ नका, तोही रोख नको. बाजार समितीची सौदापावती घ्या, तिच्यावर रंग, खुणा, वय आणि ‘खोगिराखाली चालणारा, लंगडेपणा नसलेला’ हे शब्द लिहून सही घ्या. रुमालाखाली बोटं दाबून ठरलेला भाव नंतर कुठे दाखवता येत नाही. स्वतः बसण्याआधी विकणाऱ्याला बसू द्या, मग तुमच्या मास्तरांना, इतर घोड्यांपासून लांब, एकट्याला नेऊन आणि परत आणून. जोडी सोडायला तयार नसलेला घोडा बाजारातल्या रांगेत कधीच कळत नाही.

पैसे देताना पशुवैद्य तुमचा हवा. त्याच वेळी घोड्याच्या मानेतून रक्ताच्या दोन नळ्या भरून, दोघांच्या सहीने सीलबंद करून त्याच्याकडेच शीतपेटीत ठेवायला सांगा. चार-सहा दिवसांत घोडा वेगळाच वागायला-चालायला लागला तर त्या नळ्या औषधांसाठी तपासायला पाठवता येतात, नाहीतर टाकून द्यायच्या. खर्च किरकोळ आहे. ‘रक्त काढून ठेवतो’ म्हटल्यावर विकणाऱ्याला अचानक अकलूजचं गिऱ्हाईक आठवलं, तर तुम्ही परतीची गाडी धरा.