सोलहून बुसान: ग्योंगबूची केटीएक्स की जुंगांगची नवी गाडी?

कोरियाला फिरायला येणाऱ्या ओळखीच्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: बुसानला कुठल्या गाडीने जाऊ? २०२४च्या डिसेंबरपर्यंत यावर डोकं चालवावं लागत नसे. सोल स्टेशनवर केटीएक्स, म्हणजे कोरियाची अतिजलद गाडी पकडा, अडीच तासांच्या आसपास बुसान. मग २० डिसेंबर २०२४ला जुंगांग मार्गाचं दुहेरीकरण आंदोंगच्या खाली योंगचॉनपर्यंत पूर्ण झालं आणि राजधानीच्या पूर्वेकडच्या चोंगन्यांगनी स्टेशनवरून डोंगरांमधून थेट बुसानच्या बुजॉन स्टेशनला जाणारी जलद गाडी सुरू झाली. आता उत्तर द्यायला मला चहाचा अख्खा कप लागतो.

जुंगांग म्हणजे ‘मध्य’. पण हा मार्ग ज्या मुलखातून जातो तो बराच काळ आडबाजूलाच पडला होता. ग्योंगबू मार्ग १९०५चा, सोल, देजॉन, देगू, बुसान अशी मोठी गावं ओवत गेलेला. जुंगांग त्याच्या समांतर, पूर्वेच्या डोंगराळ भागातून. जपानी अमदानीत १९३६ला काम सुरू झालं आणि १९४२ला ग्योंगजूपर्यंतचा रूळ पूर्ण झाला. एकेरी मार्ग, चढउतार, सिमेंट आणि कोळशाची मालवाहतूक. १९७३ला जेचॉनपर्यंत वीज आली तीही मुख्यतः या जड मालासाठी. प्रवाशाच्या नशिबी मुगुंगह्वा नावाची रमतगमत जाणारी गाडी, चोंगन्यांगनी ते आंदोंग साडेतीन तासांच्या घरात.

या जुन्या मार्गावर दोन अजब बोगदे होते, एक वॉनजूजवळ, दुसरा दान्यांगजवळ. चढ इतका की सरळ रूळ टाकणं शक्य नव्हतं. मग गाडी डोंगराच्या पोटात शिरायची, आतल्या आत एक पूर्ण गिरकी घ्यायची आणि शिरली त्याच्या बरीच वर बाहेर पडायची. कोरियन लोक त्यांना ‘त्त्वारी’ बोगदे म्हणतात. त्त्वारी म्हणजे काय, हे एका आजीबाईंनी मला हाताने डोक्यावर गोल काढून दाखवलं. बाई डोक्यावर घागर घेताना खाली कापडाचं वेटोळं ठेवते, ते. म्हणजे आपली चुंबळ! बोगद्याला इतकं चपखल नाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

नव्या मार्गावर हे दोन्ही बोगदे उरलेले नाहीत. वळसे काढून टाकले, डोंगर सरळ भोसकले. जुकर्योंग घाटाखाली आता ११ किलोमीटरचा बोगदा आहे, जुना साडेचार किलोमीटरचा होता. दोदाम ते योंगचॉन हा १४५ किलोमीटरचा पट्टा पूर्ण नव्याने बांधला. त्यावर धावते केटीएक्स-इउम, ‘इउम’ म्हणजे जोड. ५ जानेवारी २०२१ला ती आंदोंगपर्यंत सुरू झाली तेव्हाच साडेतीन तासांचे दोन तास झाले.

तर, दोन गाड्या शेजारी उभ्या करू.

ग्योंगबूवरची मूळ केटीएक्स फ्रेंच तंत्रावरची, २००४ला आली. पुढच्या-मागच्या इंजिनांसह वीस डबे, ताशी ३०० किलोमीटर. इउम ही ह्युंदाई रोटेमने बांधलेली, फक्त सहा डब्यांची, वेगाची मर्यादा ताशी २६०. तिला वेगळं इंजिन नाही, मोटारी डब्यांखाली विभागलेल्या असतात. त्यामुळे ती थांबून पुन्हा वेग चटकन पकडते, आणि जुंगांगसारख्या लहान लहान गावांच्या मार्गावर याचाच खरा उपयोग. बसणाऱ्याला कळणारा फरक दोन ठिकाणी. मूळ केटीएक्सच्या साध्या वर्गात खुर्च्या फिरत नाहीत, म्हणजे निम्मे प्रवासी उलट्या दिशेने तोंड करून जातात. ज्यांना गाडी लागते त्यांनी तिकीट काढताना दिशा पाहून घ्यावी. इउममध्ये प्रत्येक रांगेला स्वतंत्र खिडकी आहे. साधी गोष्ट वाटते, पण पुढच्याने पडदा ओढला म्हणून आपण अंधारात, ही कटकट मिटते.

खिडकीवरून आठवलं. “डोंगरातला मार्ग आहे, देखावे काय असतील!” या आशेने जुंगांग निवडू नका. सरळ मार्ग म्हणजे बोगदे, आणि डोंगर जितके जास्त तितके बोगदे जास्त. सोल सोडल्यावर पालदांगपासून यांगप्योंगपर्यंत हान नदी सोबत असते, तेवढी उजव्या हाताची खिडकी मात्र सोन्यासारखी. पुढे उजेड, अंधार, उजेड, अंधार. नदीकाठचा जुना रूळ काढून तिथे २०११ला सायकलमार्ग केला आहे, जुन्या बोगद्यांतून आणि जुन्या लोखंडी पुलावरून जाणारा. देखावा हवा असेल तर एक दिवस तिथे सायकल चालवा. ग्योंगबूवर तरी वेगळं काय? बुसानच्या अलीकडे वीस किलोमीटरचा ग्यूमजोंग बोगदा आहेच.

वेळेचा हिशेब सरळ आहे. सोल ते बुसान केटीएक्सने अडीच तास, थोडं इकडेतिकडे. चोंगन्यांगनी ते बुजॉन, गाडी सुरू झाली तेव्हा, चार तासांना चार मिनिटं कमी. शिवाय केटीएक्स दिवसभर लागोपाठ सुटतात. इउम बुजॉनपर्यंत सुरुवातीला दिवसाला तीन जाणाऱ्या आणि तीन येणाऱ्या, एवढ्याच होत्या. ग्योंगबूवर एक चुकली तर पुढचीत बसता येतं, जुंगांगवर अख्ख्या दिवसाचा बेत कोलमडू शकतो. सोलच्या बाहेर पडेपर्यंत याच रुळांवर उपनगरी गाड्याही असतात, त्यामुळे पहिला टप्पा जलद गाडीलाही रखडतच काढावा लागतो. फक्त बुसान गाठायचं असेल तर इथेच वाचन थांबवा आणि केटीएक्सचं तिकीट काढा.

पण उतरायचं कुठे, हे पाहिलं की पारडं जरा हलतं. केटीएक्सचं उल्सान स्टेशन शहरापासून लांब आहे, पुढे बसने बरंच जावं लागतं. जुंगांगची गाडी उल्सान शहरातल्या थेह्वागांग स्टेशनला थांबते. बुसानमध्ये केटीएक्स बंदराजवळच्या बुसान स्टेशनवर सोडते, इउम बुजॉनला, म्हणजे सोम्यॉनच्या गजबजाटाजवळ. हॉटेल कुठे घेतलंय त्यावर ठरवा. ग्योंगजूला दोन्ही गाड्या एकाच स्टेशनवर येतात. ते पूर्वी सिनग्योंगजू म्हणजे ‘नवं ग्योंगजू’ होतं, २०२३च्या डिसेंबरपासून नुसतं ग्योंगजू झालं. नाव बदललं तरी जागा तीच, गावाबाहेर. थडगी आणि मंदिरं पाहायला बस घ्यावीच लागते. गावातलं १९१८चं जुनं स्टेशन २०२१च्या अखेरीस बंद झालं. आणि वॉनजू, योंगजू, ग्योंगजू अशी तीन नावं याच एका मार्गावर आहेत. फलक कोरियनमधून वाचता येत नसेल तर तिकिटावरची वेळ पाहून उतरा.

माझ्या मते खरा निवाडा आंदोंग करतं. केटीएक्सने बुसानला जाताना आंदोंग लागतच नाही. हाहोए हे जागतिक वारसा यादीतलं जुनं गाव, नदीने तीन बाजूंनी वेढलेलं. तिथे सगळे जातात, पण मी पाहुण्यांना आधी इमचोंगाकला नेतो. हा १५१९चा वाडा. त्याचे धनी यी सांग-र्योंग यांनी देश जपानच्या ताब्यात गेल्यावर मालमत्ता विकली, १९११ला मांचुरियात जाऊन स्वातंत्र्याची चळवळ उभी केली, आणि पुढे हंगामी सरकारचे प्रमुख झाले. त्यांच्या मृत्यूनंतर जपान्यांनी जुंगांगचा रूळ टाकला तो बरोबर या वाड्याच्या अंगणातून. निम्मा वाडा पाडला गेला. जवळपास ऐंशी वर्षं ओसरीसमोरून गाड्या धडधडत गेल्या. २०२०च्या डिसेंबरात मार्ग वळवला, आंदोंगचं स्टेशन गावाबाहेर बसस्थानकाजवळ हललं आणि वाड्यापुढचा रूळ उखडला. शेजारी सिल्ला या प्राचीन राज्याच्या काळातला सात मजली विटांचा पॅगोडा आहे. इतकी वर्षं तोही गाड्यांचे हादरे सोसत उभा होता. दुहेरीकरणाचे फायदे मिनिटांत मोजतात, इथे ओसरीवर बसल्यावर कानाला कळतो तो वेगळाच फायदा.

खाण्याचं विचाराल तर गाडीत पँट्री कार दोन्हीकडे नाही. सोल स्टेशनवर खायला मुबलक. चोंगन्यांगनीजवळ ग्योंगदोंग बाजार आहे, जिनसेंग आणि वाळक्या मुळ्यांचा वास नाकात भरतो, तिथून फळं घेऊन गाडीत बसणं मला आवडतं. आंदोंगची जिमदाक म्हणजे कोंबडीच. शाकाहारी मंडळींनी हॉतजेसाबाप मागवावं, श्राद्धाच्या ताटाची नक्कल असलेला भात, भाज्यांवर तिखटाऐवजी सोया सॉस. सोबत मासे-मटणाचे तुकडे आणि सूप येतं, ते आधीच नको म्हणून सांगावं लागतं.

पैशांचं थोडक्यात. सोल-बुसान केटीएक्स ५९,८०० वॉन. इउम किलोमीटरमागे स्वस्त. २०२१ला आंदोंगपर्यंत २५,१०० वॉन होते. कोरेल या रेल्वे कंपनीच्या अ‍ॅपवर महिनाभर आधी आरक्षण उघडतं. सोल्लाल आणि चुसॉक या सणांना मात्र दोन्ही मार्ग विसरा. आणि फलाटावर जाताना गेट दिसलं नाही म्हणून गोंधळू नका, गेट नसतंच. गाडीतला कर्मचारी हातातल्या यंत्रावर तुमची खुर्ची विकलेली दिसली की काही न विचारता पुढे जातो.

आईवडील सोबत असतील आणि दोनच दिवस असतील, तर जाऊन-येऊन केटीएक्स. तीन दिवस असतील तर मी असं करतो: सकाळी चोंगन्यांगनीहून इउमने आंदोंग, रात्र तिथेच, दुसऱ्या दिवशी त्याच मार्गाने खाली ग्योंगजू किंवा थेट बुजॉन, आणि परतताना बुसान स्टेशनवरून केटीएक्स. तिकिटं एकेरीच मिळतात, त्यामुळे असं गोल फिरण्यात नुकसान काही नाही. सोल स्टेशनवर उतरल्यावर चोंगन्यांगनीच्या हॉटेलात परतायचं असेल तर मेट्रोची लाइन एक घ्या. १९७४ला ती सुरू झाली तेव्हा तिचा भुयारी भाग याच दोन स्टेशनांच्या मध्ये होता.