टीएलए प्लस की स्पिन: काय घ्यावं?

एकाच वेळी अनेक कामं करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आराखड्यातल्या चुका शोधणारी ही दोन साधनं: लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस आणि जेरार्ड होल्झमन यांनी बेल लॅब्समध्ये घडवलेला स्पिन. दोन्ही मोफत मिळतात. दोन्हींत तुम्ही मॉडेल, म्हणजे त्या आराखड्याचं सोपं वर्णन, लिहिता; चेकर, म्हणजे ते तपासणारा प्रोग्राम, घटनांचे शक्य तेवढे सगळे क्रम धुंडाळतो आणि नियम मोडला की तिथवरच्या पायऱ्या दाखवतो. मग निवडायचं कशावरून? तुमची अडचण कुठे आहे त्यावरून.

सर्व्हर बंद पडणं, संदेश उशिरा किंवा दोनदा पोहोचणं ही काळजी असेल तर टीएलए प्लसच घ्या. तिथे नेटवर्क म्हणजे संदेशांचा संच मानता येतो. संचाला क्रम नसतो, आणि वाचलेला संदेश काढून टाकला नाही तर तो पुन्हा वाचला जाऊ शकतो. त्यामुळे उलटसुलट किंवा दुहेरी पोच वेगळी लिहावी लागत नाही. ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसमध्ये अशा तपासणीतून सापडलेल्या एका चुकीपर्यंत नेणारा सर्वांत छोटा क्रम 35 पायऱ्यांचा होता. इतका लांब क्रम टेस्ट लिहिणाऱ्याला सुचणं अवघडच.

लॉक, बफर, एकाच मशीनवरचे थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणारी कामं) असतील तर स्पिन. त्यात मॉडेल लिहायची प्रोमेला भाषा सी ही प्रोग्रामिंग भाषा येणाऱ्याला लवकर जमते. तिथे संदेश ज्यातून जातात तो चॅनल म्हणजे रांग. ती भरली की पाठवणारा थांबतो. स्पिन मॉडेलवरून सी प्रोग्राम तयार करतो, तो कम्पाइल करून चालवायचा. म्हणून वेग चांगला मिळतो. मात्र शोधाची खोली मुळात 10,000 पायऱ्यांपुरती असते. ती अपुरी पडल्याचा इशारा आला तर ‘0 चुका’ या निकालावर विसंबू नका, मर्यादा वाढवून पुन्हा चालवा.

फसगत दोन्हीकडे एकाच ठिकाणी होते. दोन प्रक्रिया 0 वर असलेला एकच काउंटर एकेकदा वाढवतात असं समजा. प्रोमेलात ‘काउंटर = काउंटर + 1’ हे विधान एका दमात पार पडतं; टीएलए प्लससोबतच्या प्लसकॅल या भाषेत एका लेबलपासून (पायरीला दिलेल्या नावापासून) पुढच्या लेबलपर्यंतचं सगळंच एका दमात होतं. उत्तर दरवेळी 2, चेकर खूश. प्रत्यक्ष प्रोसेसरवर मात्र वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे दुसरा थ्रेड घुसतो. म्हणून आधी किंमत स्थानिक चलात घ्या, मग वेगळ्या विधानात, प्लसकॅलमध्ये वेगळ्या लेबलाखाली, परत लिहा. उत्तर 1 येणारा क्रम लगेच समोर येईल.

टीएलए प्लसचा चेकर टीएलसी 3 सर्व्हरांपासून सुरू करा. सममिती (सर्व्हर एकमेकांसारखेच आहेत असं टीएलसीला सांगणं) लावली की एकसारख्या 3 सर्व्हरांच्या 6 अदलाबदली एकच धरल्या जातात, काम खूप हलकं होतं. पण ‘विनंतीला कधीतरी उत्तर मिळेलच’ अशा नियमासाठी सममिती काढून टाका. ती ठेवली तर खरी चूक निसटू शकते.