सुनौली बॉर्डरवरून बसने लुंबिनी: आईला घेऊन गेलो, पॅकेजची गरज नाही

आईला बुद्धाचं जन्मस्थान, नेपाळातली लुंबिनी बघायची होती. तिच्या ओळखीचे सगळे टूरवाल्यांच्या पॅकेजनेच जातात, मी मात्र ठरवलं की साध्या बसनेच जायचं आणि आता ठामपणे सांगतो, ज्याला थोडंफार चालता येतं त्याने हा रस्ता बिनधास्त पकडावा.

मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर गाठलं. स्टेशनजवळूनच सुनौलीच्या, म्हणजे नेपाळ सीमेवरच्या गावाच्या, रोडवेज बस सुटतात, आपल्या एसटीसारख्याच, साधारण १०० किलोमीटर, तीनेक तास धरून चाला. स्टेशनबाहेर पडल्या पडल्या जीपवाले मागे लागतात, "माताजी, आगे बस नहीं मिलेगी, यहीं से बुक कर लो" वगैरे. ऐकू नका, पुढे सगळं मिळतं. बस सकाळचीच पकडा पण, लुंबिनीला उजेडात पोचलेलं बरं.

बस बॉर्डरच्या अलीकडे सोडते. तिथून ट्रकांची ही लांबलचक रांग, धूळ, हॉर्न, आणि त्या ट्रकांच्या कडेकडेने आपण बॅग ओढत चालायचं. हा तुकडा आईला जड गेला, कारण बसायला कुठे जागा नाही आणि सायकल रिक्षा मधूनच घुसतात. आपल्या बाजूला एसएसबीचे (सशस्त्र सीमा बलाचे) जवान बॅग बघतात, कुठे चाललात विचारतात, आणि मग कमानीखालून सरळ नेपाळात, पलीकडच्या गावाचं नाव बेलहिया. भारतीयांना व्हिसा नाही, शिक्का नाही. परदेशी लोकांना मात्र दोन्हीकडच्या ऑफिसात जाऊन शिक्के घ्यावे लागतात, ते विसरले तर पुढे अडचण होते. आपण मतदार कार्ड किंवा पासपोर्ट जवळ ठेवायचा, नुसत्या आधारच्या भरवशावर जाऊ नका. आणि स्वतःची गाडी नेली तर भन्सारचे, म्हणजे नेपाळी कस्टमचे, कागद करावे लागतात, बसने जाणाऱ्याला ती कटकटच नाही, हा मोठा फायदा.

आता पैशाचं नीट समजून घ्या, कारण लोक इथेच फसतात. तिकडे भाव दोन प्रकारे सांगतात, आयसी म्हणजे आपले रुपये आणि एनसी म्हणजे नेपाळी. १०० आयसीचे १६० एनसी, हा दर १९९३ पासून तसाच आहे. एका ई-रिक्षावाल्याने आम्हाला आकडा सांगितला एनसीमध्ये आणि उतरल्यावर तेवढेच आयसी मागायला लागला. आईने तिथल्या तिथे त्याला झापलं आणि तो गप एनसी घेऊन गेला. तर बसायच्या आधी "आयसी की एनसी" एवढं विचाराच. शंभरच्या नोटा भरपूर ठेवा, त्या सगळीकडे चालतात.

बेलहियाहून भैरहवा चारेक किलोमीटर, रिक्षाने बुद्ध चौकात उतरायचं, तिथून लुंबिनीची लोकल बस. बस हळू चालते, जागोजागी थांबते, शाळेची पोरं चढतात, पण कंडक्टरने आईला पुढची सीट रिकामी करून दिली आणि उतरायच्या जागी हाक मारून उतरवलं, हे मला फार आवडलं. लुंबिनी बाजारापाशी उतरलात की आतल्या परिसरात ई-रिक्षा मिळतात, परिसर प्रचंड मोठा आहे, वयस्कर माणसाला पायी फिरवू नका.

मायादेवी मंदिरात चपला बाहेर काढून जायचं, आत फोटो काढू देत नाहीत. बाजूला अशोकाचा स्तंभ, ब्राह्मी लिपीतला लेख डोळ्यांसमोर, बुद्धाचा जन्म इथे झाला म्हणून गावाचा कर कमी केल्याचं त्यात आहे. आम्ही होतो तेव्हा नागपूरकडचा पांढऱ्या साड्यांतल्या बायकांचा एक ग्रुप तिथे वंदना म्हणत होता, आई सरळ त्यांच्यात जाऊन बसली आणि मी काही तिला उठवलं नाही.

रोडवेज बस मस्त, सीमा एकदम सोपी, नेपाळची लोकल बसही चांगली, फक्त कमानीआधीचा तो चालायचा तुकडा कुणीतरी नीट करायला हवा, निदान सावली आणि चार बाकडी तरी टाका. एवढे म्हातारे यात्रेकरू रोज जातात तिथून.

नेपाळचं घड्याळ १५ मिनिटं पुढे आहे आणि लोकल बस संध्याकाळी लवकर बंद होतात, त्यामुळे मुक्काम लुंबिनीतच करा. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर तिकडे धुकं जबरदस्त असतं, गोरखपूरच्या गाड्या तासन्‌तास लेट होतात, बॉर्डर ओलांडून परत याल त्याच दिवशीचं परतीचं रिझर्व्हेशन ठेवू नका.