जनुकं दुरुस्त करून देतो म्हणाले, आणि माझी साखर १०.४ वर गेली

मधुमेहामुळे माझ्या वडिलांच्या पायाचं बोट काढावं लागलं, तेव्हा मी नववीत होते. रोज संध्याकाळी ड्रेसिंगच्या वेळी आई मला बाहेर पाठवायची, पण तो वास ओसरीपर्यंत यायचा. पुढे आईलाही साखर निघाली. त्यामुळे पन्नाशीत माझी निघाली तेव्हा ‘आमच्या घरातच आहे’ म्हणून मी ते मान्य करून टाकलं. त्या माणसांनी मला पकडलं ते याच वाक्यावर.

जानेवारीत सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत तपासणी शिबिर होतं. बोटाला टोचून साखर बघितली आणि पांढरा कोट घातलेल्या एका मुलीने विचारलं, “काकू, घरात कुणाला होता?” मी आईवडिलांचं सांगितलं. ती म्हणाली, “मग तुमची जनुकंच बघायला हवीत. एकदा कळलं की मुळावरच उपाय करता येतो.” टेस्टचे साडेबारा हजार. मुलाच्या बाबतीतही कळेल, हे ती दोनदा म्हणाली. मी पैसे भरले.

एका छोट्या नळीत रेघेपर्यंत थुंकी भरायची होती. त्याआधी अर्धा तास पाणीही प्यायचं नाही. तोंडाला कोरड पडलेली, थुंकी येईना. त्या मुलीने बाहेरून गाल चोळायला सांगितले. वीस मिनिटं मी तशी बसले होते. वर झाकण लावलं, निळसर औषध खाली उतरलं आणि नळीवर माझ्या नावाची चिठ्ठी लागली. एवढं सगळं शास्त्रशुद्ध दिसल्यावर शंका कशी येणार?

तीन आठवड्यांनी गुळगुळीत कागदावर छापलेला ४४ पानांचा रिपोर्ट आला. त्यात टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकापुढे लाल अक्षरात ‘धोक्याच्या प्रती: २’ असं होतं. शेवटच्या पानावर ‘शरीराचं खरं वय: ६७’. माझं वय ५८.

रिपोर्ट समजावून सांगायला जे गृहस्थ आले त्यांना सगळे डॉक्टर म्हणत होते. ते बोलले फार छान, आणि हेच मला तुम्हाला नीट सांगायचं आहे, कारण त्यांचं निम्मं बोलणं खरं होतं. जनुकं म्हणजे काही सबंध नशीब नव्हे, असं ते म्हणाले. खरं आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा पोटात असलेल्या मुलांमध्ये पुढे मोठेपणी साखरेचे त्रास जास्त दिसले, हेही खरं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नावही त्यांनी घेतलं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिकांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपली बाळं दिसायला किडकिडीत असली तरी त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त. गरोदरपणी आईच्या रक्तात बी१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त असेल, तर मूल सहा वर्षांचं होताना त्याच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, असंही तिथे दिसलं. हे सगळं मी नंतर भाचीकडून पडताळून घेतलं.

खोटं आलं ते याच्या पुढे. “जनुकांना चालू-बंद करणारी बटणं असतात, आमच्या कॅप्सूल ती बंद करतात.” सहा महिन्यांचा कोर्स ७२ हजारांचा, अर्धे आधी. आणि मेटफॉर्मिन ही माझी रोजची साखरेची गोळी ‘या कामात अडथळा आणते’, म्हणून आधी निम्मी करा, महिन्याने बंद करा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना न विचारता मी ती बंद केली. ती चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही.

तीन महिन्यांनी दुसरी टेस्ट झाली, ती फुकट. रिपोर्ट आला, त्याच जनुकापुढे या वेळी हिरव्या अक्षरात ‘धोक्याच्या प्रती: १’. मला इतका आनंद झाला की दोन्ही पानांचे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले.

दहा मिनिटांत भाचीचा फोन. ती कोल्हापूरला ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. “मावशी, एक प्रत तुला आजोबांकडून आली आणि एक आजीकडून. तू जन्मलीस तेव्हापासून त्या तुझ्या पेशीपेशीत आहेत. त्यातली एक तीन महिन्यांत गेली कुठे?”

मला उत्तर देता येईना. मग तिने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. जनुकांची अक्षरं आयुष्यभर तीच राहतात. त्या अक्षरांवर बसणाऱ्या रासायनिक खुणा मात्र वयानुसार, खाण्यानुसार, विडी-सिगारेटने बदलतात. त्या खुणांवरून वयाचा अंदाज बांधायची रीत स्टीव्ह होर्वाथ या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडली, त्यात ३५३ जागा तपासल्या जातात. हे खरं शास्त्र आहे. पण माझ्या रिपोर्टमध्ये खुणा तपासल्याचा उल्लेखच नव्हता, फक्त अक्षरं वाचली होती. जन्मापासून न बदलणाऱ्या अक्षरांवरून आजचं वय ६७ कसं काढणार? आणि त्या जनुकाची एकेक धोक्याची प्रत मधुमेहाची शक्यता साधारण १.४ पटीने वाढवते, एवढंच. दोन्ही प्रती असूनही कधीच मधुमेह न होणारी माणसं पुष्कळ आहेत. वडिलांचा आजार जणू पत्रिकेत लिहून आल्यासारखा मी धरून बसले होते. आधी त्यांनी ती पत्रिका दाखवून घाबरवलं, मग तिची शांत करून देतो म्हणून पैसे घेतले.

तोवर नव्या चपलेने टाचेला आलेला फोड तीन आठवडे भरला नव्हता. रात्री चार-चारदा उठावं लागत होतं. भाचीच्या सांगण्यावरून दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) डिसेंबरात ७.१ टक्के होती, ती १०.४. डॉक्टरांनी टाच बघितली आणि मला वडिलांचा पाय आठवला. काही दिवस इन्सुलिन घ्यावं लागलं. जखम आता भरली आहे.

मग सगळे कागद काढून बसले. कॅप्सूलच्या बाटलीवर, नखाएवढ्या जागेत, ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापलेलं सापडलं. म्हणजे ते नुसतं पूरक अन्न. बिलावर कॅप्सूलचं नावच नाही, ‘सल्ला शुल्क’ एवढंच. त्या गृहस्थांचा नोंदणी क्रमांक एकाही कागदावर नाही. मी फोन केला तर म्हणाले, शरीर शुद्ध होताना साखर वाढतेच, उरलेले छत्तीस हजार भरा. त्यानंतर फोन उचलत नाहीत.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. अन्न व औषध प्रशासनालाही लिहिलं आहे. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे त्यांचं पत्रक मी जपून ठेवलं आहे. तुमच्याकडेही बिल, पत्रक, यूपीआयची नोंद असेल तर फेकू नका. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. आमच्याच मजल्यावरच्या काकूंनी रोख दिले, पावती घेतली नाही. त्या आता बोलायलाही तयार नाहीत.

हीच माणसं येत्या रविवारी मिरजेत शिबिर घेत आहेत, पत्रकाचा रंग तेवढा बदलला आहे. तुमच्या घरातलं कुणी जाणार असेल तर साखर खुशाल बघू द्या, पण गोळी बंद करायला सांगितली तर तिथून उठून घरी या म्हणावं. माझी आई तर रोजची गोळी घेऊन ८१ वर्षं जगली.